आजीबाईंची बरणी

समुद्रफूल हे नाव ज्याने कोणी ठेवले त्याने रसिकता दाखविली खरी, पण एका बिचाऱ्या प्राण्याची जातच बदलून टाकली. कारण हे फूल फूल नव्हे. तो प्राणी आहे, आणि तोही चांगला मांसाहारी. ओहोटीच्या वेळी खडकाच्या बेचक्यात जे पाणी साचून राहते त्यात एखादी शेवंती उमलावी तसा तो उमललेला दिसतो. परंतु आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती त्याची बोटे असतात. त्या बोटांत विषाच्या सूक्ष्म कुप्या भरलेल्या असतात. आणि जेथे केसर असावे असे वाटते नेमके तेथेच त्याचे तोंड असते. त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, हाड नाही. अन्न आत घ्यायचे आणि उष्टे बाहेर टाकायचे ते एकाच दाराने. इतका आटोपशीर संसार करणाऱ्या या जीवाने मोठमोठ्या पंडितांना मात्र फार काळ झुलविले. ॲरिस्टॉटलने त्याची नोंद केली ती 'खाजरी' अशा अर्थाच्या ग्रीक नावाने. पुढे शतकानुशतके 'अर्धे झाड आणि अर्धा प्राणी' अशाच वर्गात त्याला बसविले जाई. अठराव्या शतकात ल हाव्र गावच्या दिकमार नावाच्या एका फ्रेंच धर्मोपदेशकाने समुद्रफुले कापून पाहिली, तेव्हा तुटलेली बोटे पुन्हा उगवतात असे त्याला आढळले. १७७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचे हे प्रयोग छापले.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या फराळाबरोबर हे खारे पाणी कशाला? त्याला कारण आहे. आमच्या नव्या मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर भागांतल्या बऱ्याच दिवाणखान्यांत आता खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या दिसतात. २००३ साली 'फाइंडिंग नेमो' हा चित्रपट आला, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो विदूषक मासा व त्याचे ते डुलणारे घर मुलांच्या मनात कायमचे जाऊन बसले. मी शिकवतो त्या वर्गातल्या मुलांनाही गोगलगाय दाखविली तर विशेष वाटत नाही, समुद्रफुलाचे चित्र दाखविले की सारा वर्ग एकदम "नेमोचं घर!" म्हणून ओरडतो. हे घर विकत आणता येते. ते जिवंत ठेवणे ही मात्र वेगळी विद्या आहे. या विद्येला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो कादंबरीइतका रंजक आहे.

ही कादंबरी सुरू होते १८२८ साली. आपल्याकडे पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. बाळशास्त्रींचे 'दर्पण' निघायला अजून चार वर्षे अवकाश होता. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहरी सर जॉन ग्रॅहॅम डॅलिएल नावाचे एक गृहस्थ राहत. शिक्षण वकिलीचे, पण जीव रमे तो समुद्रकाठच्या किड्यामुंगीत. त्या वर्षी नॉर्थ बेरिक गावच्या खडकांवरून त्यांनी एक तांबूस समुद्रफूल खरवडून आणले आणि काचेच्या एका लहानशा बरणीत ठेवले. आणले तेव्हाच ते सात वर्षांचे असावे असा त्यांचा अंदाज होता. बरणीत यंत्र नव्हते, पंप नव्हता, दिवा नव्हता. बरणीतले पाणी फक्त वेळच्या वेळी बदलले जाई. त्यासाठी सर जॉननी एक हमाल ठेवला होता. तो आठवड्यातून दोन-तीनदा समुद्राचे ताजे पाणी घेऊन येई. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याने कावडीने पाणी भरले, ती कथा आपल्याला ठाऊक आहे. एडिंबरोच्या या श्रीखंड्याचे नाव माझ्या वाचनात कोठे आले नाही. पण समुद्रफूल जगले ते त्याच्या खांद्यावर, असे म्हणायला हरकत नाही.

फूल जगले, आणि किती जगले! सर जॉन १८५१ मध्ये वारले. जाताना आपली बरणी त्यांनी प्राध्यापक फ्लेमिंग यांच्या हवाली केली. फ्लेमिंग १८५७ मध्ये गेले; बरणी डॉक्टर मॅक्‌बेन यांच्याकडे आली. ते १८७९ मध्ये निवर्तल्यावर एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानाचे सॅडलर यांनी ती घेतली. सॅडलर १८८२ मध्ये गेले आणि बरणी पाचवे पालक लिंडसे यांच्या हाती आली. एव्हाना सारे गाव त्या समुद्रफुलाला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, म्हणू लागले होते. आजीबाईंना भेटायला लोक येत आणि भेट देणाऱ्यांच्या वहीत सह्या करीत. त्यांचा आहार म्हणजे पंधरवड्यातून एकदा अर्धे शिणाणे. एकादशी करणाऱ्यालाही लाज वाटावी असा हा उपास! तेवढ्यावर त्यांनी तीनशेंहून अधिक पिल्ले तोंडावाटे जगात सोडली, आणि मध्ये बरीच वर्षे वांझ राहिल्यावर १८५७ च्या वसंतात एका रात्रीत २३० पिल्ले दिली. त्याच वर्षी इकडे उत्तर हिंदुस्थानात रणधुमाळी माजली होती आणि मुंबईत विद्यापीठ स्थापन होत होते. बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी १८५३ मध्ये गेली, 'केसरी' १८८१ मध्ये निघाला, राष्ट्रीय सभा १८८५ मध्ये मुंबईत भरली. या सगळ्या काळात आजीबाई आपल्या बरणीत कधी मिटत आणि कधी उमलत होत्या. ४ ऑगस्ट १८८७ रोजी त्या गेल्या. बरणीत त्यांची एकोणसाठ वर्षे झाली होती. 'स्कॉट्समन' या वर्तमानपत्राने त्यांचा मृत्युलेख छापला.

शास्त्रज्ञ सांगतात की, समुद्रफुलाच्या देहात म्हातारपणाच्या खुणा शोधून सापडत नाहीत. त्याच्या पेशी नव्या होत राहतात. भूक, रोग, शत्रू किंवा वाईट पाणी यांपैकी काही आड आले नाही तर त्याने मरावे असे कारणच दिसत नाही. म्हणजे आजीबाई इतकी वर्षे जगल्या यात नवल थोडे; त्यांना इतकी वर्षे जगू दिले गेले यात ते अधिक आहे. एक हमाल, पाच पालक, आणि एकाचा हात सुटण्यापूर्वी दुसऱ्याचा हात पुढे होणे. घराण्यातली पूजेची भांडी जशी एका पिढीकडून दुसरीकडे जातात तशी ही बरणी गेली.

परंतु प्रत्येकाच्या पदरी समुद्राचे पाणी वाहणारा हमाल कोठून असणार? समुद्रापासून दूर राहणाऱ्याने काय करावे, हा यापुढचा प्रश्न. त्याचे पहिले चांगले उत्तर एका बाईने शोधले. ॲना थिन या लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याच्या पत्नी. १८४६ मध्ये त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून समुद्रफुलांचे भाऊबंद असलेले प्रवाळ घरी आणले. पाणी पुन्हा पुन्हा आणणे परवडेना, तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात धारेने ओतत राहिले तर ते ताजे होते, असे त्यांच्या ध्यानात आले. चहा वाफाळून निवविण्यासाठी आपण कपातून बशीत ओततो, तसाच हा प्रकार. फक्त येथे हेतू निवविण्याचा नव्हे, हवा मिसळण्याचा. हे ओतण्याचे काम घरची मोलकरीण करी. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रशैवलेही ठेवली. वनस्पती प्राणवायू देते, प्राणी तो घेतो, आणि दोघांचा एकमेकांवर निर्वाह चालतो, हे तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास पद्धतशीर मांडले. विलायतेत काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काचेच्या टाक्या स्वस्त झाल्या होत्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि त्याच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये 'दि ॲक्वेरियम' हे पुस्तक लिहिले. समुद्राचे पाणी घरच्या घरी बनविण्याची कृतीही त्यांनी त्याच वर्षी दिली. साधे मीठ, मॅग्नेशियमचे दोन क्षार आणि थोडा पोटॅशियमचा क्षार, अशी ती होती.

आणि मग जे व्हायचे तेच झाले. साऱ्या इंग्लंडला समुद्रफुलांचे वेड लागले. आगगाड्या भरभरून माणसे किनाऱ्यावर उतरू लागली. हातात छिन्नी-हातोडी, पायात उंच बूट, आणि गॉससाहेबांचे पुस्तक बगलेत. खडकावरचे जे दिसेल ते खरवडून बरणीत. घरी नेलेले बहुतेक जीव मरत. मग पुन्हा सहल, पुन्हा छिन्नी. पुढच्या दहा वर्षांत वेड ओसरले, पण तोपर्यंत डेव्हनशरच्या किनाऱ्यावरची कित्येक खडककुंडे ओसाड झाली होती. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्यात त्याने ही नासाडी खिन्नपणे नोंदविली आहे, आणि आपल्या वडिलांनाही या परिणामाचे फार दुःख झाले होते असे सांगितले आहे. समुद्रावर प्रेम करायला ज्याने लोकांना शिकविले त्याच्याच पुस्तकाने किनारा लुटला जावा, यापरते दैव कोणते?

समुद्रफुलाने मात्र या लुटीचा सूड घेतला नाही, उलट माणसाला एक मोठे ज्ञान दिले. १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या नौकेवर समुद्रातल्या विषारी जीवांचा अभ्यास करीत होते. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाच्या बोटांतले विष काढून कुत्र्यांवर प्रयोग चालविले. थोडे थोडे विष टोचले की प्राण्याला त्याची सवय होईल, असा त्यांचा होरा. झाले उलटेच. पहिली मात्रा सहज पचविलेला नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी तितक्याच मात्रेने काही मिनिटांत कोसळला. पेनिसिलिनची सुई टोचण्याआधी डॉक्टर आपल्याला "पूर्वी याचा त्रास झाला होता का?" असे विचारतात, त्या प्रश्नाच्या मुळाशी हा शोध आहे. रिशे यांना त्याबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

*

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानातले पहिले सागरी मत्स्यालय १९०९ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर उघडले. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. बांधायला सुमारे आठ लाख रुपये लागले. त्यांतले दोन लाख ज्या पारशी दात्याने दिले त्याचे नाव त्याला मिळाले. चर्नी रोड स्टेशनावर उतरावे, मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात केस उडवीत चालावे, आणि त्या अंधाऱ्या, ओलसर दालनात काचेला नाक लावून उभे राहावे, हा मराठी घरांतल्या किती पिढ्यांचा सुटीतला कार्यक्रम होता! कोकणातून आलेल्या पाहुण्यालाही तेथे न्यायचे, जणू त्याने समुद्र पाहिलाच नव्हता. २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले, काचेचा बोगदाही आला. २०२० च्या महामारीत त्याची दारे बंद झाली, आणि नंतर इमारतीच्या जीर्णपणाचा प्रश्न उभा राहिला. सार्वजनिक काच अशी मिटली की घरोघरच्या काचांकडे डोळे वळतात. म्हणून घरची काच कशी सांभाळावी, हे सांगणे मला अगत्याचे वाटते.

वर्गात एका मुलाने मला विचारले होते, "सर, खाडी तर समोरच आहे. मग लोक पाकिटातलं मीठ विकत का घेतात?" प्रश्न खडा होता. ठाण्याची खाडी समोर आहे हे खरे. पण ती निवट्यांची, चिंबोऱ्यांची, तिवरांची आणि हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांची खाडी आहे. पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या लोंढ्याने तिचा खारटपणा पार उतरतो, चिखल तर बारमाही, आणि दोन्ही तीरांवरच्या शहरांचे सांडपाणीही तिच्याच पोटात. समुद्रफुलाला हवा असतो मोकळ्या समुद्राचा एकसारखा खारटपणा, म्हणजे दर हजार भाग पाण्यात सुमारे पस्तीस भाग क्षार. बरे, उरणच्या मिठागरातले मीठ विरघळवून चालेल का? तेही नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटते तेव्हा साधे मीठ आधी खाली बसते. मॅग्नेशियम, पोटॅशियम वगैरे उरलेल्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी काढून टाकले जाते. म्हणजे मीठ हे समुद्राचे लेकरू असले तरी त्याच्यापासून पुन्हा समुद्र होत नाही. गॉस यांच्या कृतीत चार क्षार होते. आजच्या तयार मिश्रणात कॅल्शियमपासून अनेक द्रव्ये मोजून घातलेली असतात, ती एवढ्यासाठीच.

हे मिश्रण कालवायचे पाणीही शुद्ध हवे. मोरब्याच्या धरणाचे पाणी आपल्याला गोड लागते, पण नळापर्यंत येताना त्यात क्लोरीन मिसळलेले असते. आणि तांब्याची तर गोष्टच न्यारी. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेले पाणी आपले वडीलधारे आरोग्यासाठी पितात. समुद्रफुलाला मात्र तांब्याचा अंशही विषासारखा. माशांच्या रोगावरची तांबेयुक्त औषधे टाकीत घालून मासा वाचवावा आणि समुद्रफूल मारावे, असे पुष्कळ घरी होते.

यापुढची अडचण डोळ्यांना न दिसणारी. प्राणी खातो आणि मल टाकतो. त्यातून अमोनिया होतो, तो जहाल. पाण्यातले काही जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते त्या मानाने सौम्य असते. या जंतूंचा उलगडा विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास केला, म्हणजे आजीबाई गेल्यानंतर. नव्या टाकीत हे जंतू नसतात. ते दुधातल्या विरजणासारखे लागावे लागतात. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रातला जिवंत खडक, म्हणजे ज्याच्या छिद्राछिद्रांत जंतू आणि सूक्ष्म जीव नांदत आहेत असा खडक, टाकीत ठेवायचा आणि हवेचे थोडे बुडबुडे सोडायचे. बाकीचे काम निसर्गावर. हेच ते विरजण. पण दही लागायला एक रात्र पुरते, टाकीला महिने लागतात. समुद्रफुलासाठी तर टाकी निदान सहा महिन्यांची, शक्यतो वर्षाची जुनी असावी.

विदूषक माशांना घर देणाऱ्या उष्ण समुद्रातल्या समुद्रफुलांची आणखी एक गरज आहे, ती आजीबाईंच्या जातीला नव्हती. त्यांच्या अंगात सोनेरी-तपकिरी शैवले राहतात. ती उजेडावर अन्न तयार करतात आणि यजमानाला वाटा देतात. म्हणून दिवा प्रखर हवा. अंगातली शैवले गेली की समुद्रफूल पांढरेशुभ्र दिसते, आणि दुकानदार तेच कौतुकाने पुढे करतो. वास्तविक ते उपाशी असते. भडक पिवळे किंवा गुलाबी दिसले तर रंगात बुडवलेले असण्याचाही संभव असतो. पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांच्या दरम्यान हवे. वैशाखात आमच्या फ्लॅटमधली टाकी तिशी सहज ओलांडते, म्हणून पाणी गार ठेवणारे यंत्र लागते. पंपाच्या तोंडाला जाळी बांधावी, कारण समुद्रफूल चालते. जागा पसंत पडली नाही की रात्रीत मुक्काम हलवते आणि पंपात ओढले जाऊन चिंध्या होते. तोंड आवळलेले, बोटे चिकट आणि पाय खडकाला घट्ट असेल तर प्रकृती ठीक समजावी. तोंड उघडे पडून लोंबू लागले की त्याची घटका भरली. मेलेले वेळीच काढले नाही तर ते आपल्याबरोबर सारी टाकी नेते. आणि खाऊ घालण्याचा हव्यास नको. अर्धे शिणाणे आणि पंधरा दिवस, हे आजीबाईंचे पथ्य ध्यानात ठेवावे.

एवढे सगळे सांभाळूनही एक प्रश्न उरतो, आणि तो यंत्राने सुटत नाही. विदूषक मासा आणि समुद्रफूल यांची मैत्री कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८६८ मध्ये जगापुढे मांडली. मोकळ्या समुद्रात मासा त्या विषारी बोटांच्या आश्रयानेच जगतो. परंतु काचेच्या टाकीत शत्रू नसतो, म्हणून तेथे तो समुद्रफुलावाचून सुखाने राहतो. शिवाय त्याची पैदास माणसाला साधली आहे. मंडपम्‌च्या केंद्रीय संस्थेत ती झाली, आणि आमच्या ऐरोलीलाही, २०१७ मध्ये सुरू झालेल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या परिसरात, अशा माशांचे उबवणी केंद्र उभे राहिले. नेमोचे घर होणारी बहुतेक मोठी समुद्रफुले मात्र अजून समुद्रातूनच उचलून आणली जातात. मुलाचा हट्ट माशासाठी असेल तर तो पुरवावा. टाकीत जन्मलेला मासा आणावा. समुद्रफूल आणायचे तर आधी स्वतःला विचारावे, की याला खिडकीसमोर उभे राहून रोज पाणी ओतणारे कोण आहे? परगावी गेलो तर कोण? आणि हे माझ्याहून अधिक जगले तर माझ्यानंतर कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे नावानिशी देता येत नसतील, तर त्याला त्याच्या खडकावरच राहू द्यावे.

आणि तो खडक दूर नाही. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातली मंडळी ओहोटीला हाजी अली, गिरगाव, जुहू येथे लोकांना घेऊन जातात आणि शहराच्या पायाशी नांदणारा हा संसार दाखवितात. किनारी रस्ता होताना २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथून प्रवाळांच्या अठरा वसाहती उचलून कुलाब्याजवळ नेऊन बसविल्या गेल्या. प्रवाळाला २००१ पासून वाघाइतके कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून निदान एवढे तरी झाले.

लक्ष्मीपूजन अमावास्येला येते. अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण असते, आणि भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते. एरवी पाण्याखाली असलेले खडक त्या दोन-चार दिवसांत उघडे पडतात. तेव्हा पाडवा-भाऊबीजेच्या आसपास भरती-ओहोटीची वेळ पाहून मुलांना घेऊन एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर जावे. जपून पाय टाकावा, कुंडावर वाकावे, आपली सावली पाण्यात पडू न देता स्वस्थ बसावे. थोड्या वेळाने मिटलेला एखादा गोळा हळूहळू उमलू लागेल. त्याचे वय कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित ते पाहणाऱ्या मुलांच्या आजीएवढेही असेल. त्याला हात न लावता, पाणी परत चढू लागण्यापूर्वी निघावे. पुढचे पाणी घालायला समुद्र येतोच आहे.